औषध घेतलं नाही

५ ऑक्टोबर, रविवार

शिक्षकदिनाला शाळेनं दिलेली ही डायरी महिनाभर कोरी पडली होती. आज राग काढायला दुसरी जागा नाही म्हणून उघडली.

अकोल्यात जठारपेठेतल्या पिंटूभाऊच्या मेडिकलमध्ये मी अकरा वर्षं जाते आहे. आज आक्कासाठी सांधेदुखीच्या केशरी गोळ्यांचे चार पत्ते मागितले, तर हा शहाणा म्हणतो, "मॅडम, याले डॉक्टरची चिठ्ठी लागते." दुकानात चार माणसं उभी. मी म्हटलं, "पिंटूभाऊ, साधी गोळी आहे. मी काही विष मागत नाही." तर पुन्हा त्याचं सुरूच, "तसं नाही मॅडम, लय दिवस सलग खाणं बरं नसते." आता हा मला शिकवणार! याची मुलगी सातवीत माझ्या वर्गात होती. 'औषध' हा शब्द ती 'औशद' असा लिहायची. तो नीट लिहायला मी शिकवलं, आणि तेही आज त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं. मग मुकाट्यानं चार पत्ते काढून दिले.

आक्काला मागच्या वर्षी चिकनगुनिया झाला. वर्ष होत आलं तरी तिची बोटं धड मिटत नाहीत. सकाळी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते. आणि कापूस तर वेचायलाच हवा, चार एकर पांढरं झालं आहे, वेचायला बाया मिळत नाहीत. मूर्तिजापूरच्या डॉक्टरकडे नेलं तर त्यानं रक्त तपासायला लावलं आणि विश्रांती सांगितली. विश्रांती! कापूस फुटलेला असताना बाईला विश्रांती सांगणाऱ्याच्या हातात एकदा ओझं द्यायला हवं. माझी केशरी गोळी घेतली की अर्ध्या तासात तिची बोटं उघडतात. हे मी सांगत नाही, ती सांगते.

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि आक्का बारा. ती सहावीतून उठली ती माझ्यासाठी. तिनं वेचलेल्या कापसावर मी अमरावतीच्या होस्टेलात राहिले, बी.एड. झाले, मराठीची बाई झाले. तिच्यासाठी मी दुकानदाराशी भांडणार नाही तर कोणासाठी भांडू?

स्टाफरूममध्ये माझ्या पर्सला 'भावना मॅडमचा दवाखाना' म्हणतात. डोकं, पोट, कंबर, पित्त, सगळ्यांचं त्यात असतं. मला त्याचा अभिमान आहे. का नसावा?

१२ ऑक्टोबर, रविवार

आक्काकडे जाऊन आले. सकाळची गाडी मूर्तिजापूरपर्यंत, तिथून अर्धा तास एका कोंबलेल्या काळीपिवळीत. शेजारच्या माणसाची कोपरं माझ्या बरगडीत आणि मोबाइलवर त्याचं मोठ्यानं गाणं. गाव येईपर्यंत मी तीन जणांशी भांडले होते.

आक्का वावरातच सापडली. कमरेला फडका बांधलेला, त्यात कापूस, डोक्यावर पदर. इतकी वाळली आहे की फडक्याच्या गाठीचाच तिला भार वाटावा. मी शाळेत शुद्ध बोलते, पण आक्कासमोर माझी जीभ आपोआप गावची होते.

"काय व, जेवत नाहीस काय?" मी म्हटलं.

"जेवतो ना व. वेचणीत कोठी भूक लागते? तुह्या गोळ्या आणल्या काय?"

चारही पत्ते तिच्या हातात दिले. तिनं ते फडक्याच्या आतल्या खिशात असे ठेवले की जणू मी सोनं आणलं. मी सांगितलं, दुखलं की घे, दिवसातून चारदा घेतली तरी चालते, साधी गोळी आहे. "चारदा," असं म्हणून तिनं बोटं मोजली. आक्का सांगितलेलं कधी विसरत नाही.

भाऊजी, म्हणजे आक्काचे मालक डोमाजी, फवारणीचा पंप धूत होते. "पाणी मारून झालं," म्हणाले. त्यांच्या घरात फवारणीला 'पाणी' म्हणतात. डॉक्टर देतो ती 'दवाई', दुकानातून आणतात ती 'गोळी'. 'औषध' हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नाही. चौदा वर्षांपूर्वी भाऊजींच्या धाकट्या भावानं, जानरावनं, लग्न मोडलं म्हणून औषध घेतलं. आमच्याकडे 'औषध घेतलं' म्हणजे फवारणीचं पिऊन जीव दिला, हे सांगावं लागत नाही. पोलीस आले, पंचनामा झाला, आणि वर्षभर गाव या घरातलं पाणी प्यायला कचरत होतं. मी मराठीची शिक्षिका आहे, शब्दाचा काही दोष नसतो हे मी पोरांना शिकवते. पण त्या घरात गेले की मीही तो शब्द टाळते.

निघताना आक्कानं बरबटीच्या शेंगा बांधून दिल्या. हात दुखत असताना कधी तोडल्या कोण जाणे. मी रागावले तर हसली.

१९ ऑक्टोबर, रविवार

आक्काचा फोन. नाक चोंदलेलं, आवाज विहिरीतून यावा तसा. तीन-चार दिवस ताप आहे, सर्दी आहे, तरी वेचायला जाते. मी तिला झापलं, भाऊजींना फोनवर बोलावून त्यांना जास्त झापलं. माणूस म्हणून काही जबाबदारी आहे की नाही? म्हणाले, "आणली ना व गोळी मूर्तिजापूरहून. सर्दीची, हिरवी. दुकानदारानं चार टायमाची सांगतली." आणि तापाची पांढरी गोळी गावातच वच्छलाबाईच्या किराणा दुकानातून आणली आहे. तिनंही सांगितलंय, ताप आला की घ्या, दिवसातून चारदा चालते.

चला, तेवढं तरी केलं. आक्काला म्हटलं, सर्दीची सर्दीसाठी घे, तापाची तापासाठी घे, पण माझी केशरी सोडू नको, नाहीतर हात पुन्हा आखडतील.

"नाई सोडत व," म्हणाली. "तिन्ही टायमावर खातो."

तिच्या मुलाला, ललितला, अमरावतीला फोन लावला. आई तापलेली आहे आणि हा साहेब सुट्टी मिळत नाही म्हणतो. त्यालाही ऐकवलं. दिवसभर सगळ्यांना मीच ऐकवायचं का?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आत्ताच दवाखान्यातून आले.

भाऊजी आज सकाळी आक्काला घेऊन अकोल्याला आले. कालपासून सारखी ओकते आहे, पोटात वर उजवीकडे दुखतं म्हणते, पाणीही ठरत नाही. एका खासगी दवाखान्यात दाखल केलं. नाव लिहीत नाही, लिहायची इच्छा नाही.

डॉक्टर तरुण, सांगलीकडचा. बोलणं स्वच्छ. अकोल्यात इतकं शुद्ध मराठी क्वचित कानावर पडतं. मी मनात त्याला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. आणि हाच माणूस पुढच्या क्षणी, आक्काची नाडी हातात धरून, अख्ख्या वॉर्डासमोर विचारतो, "यांनी काही औषध घेतलं होतं का?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. शेजारच्या खाटेवरची बाई मान वळवून बघायला लागली. म्हणजे खेड्यातली बाई ओकत आली की हिनं औषधच घेतलं असणार! दुसरं काही यांच्या डोक्यात येतच नाही.

"नाही," मी म्हटलं. "आमच्या घरात कोणी औषध घेतलेलं नाही."

"नक्की? मागच्या आठ-दहा दिवसांत काहीही?"

"एकदा सांगितलं ना डॉक्टर! मी शिक्षिका आहे, मला मराठी समजतं. तसलं काही नाही."

भाऊजी मागून "थे गोळ्या..." असं काहीतरी पुटपुटायला लागले. इतके भोळे, की कुठे काय बोलावं ते कळत नाही. भर वॉर्डात गोळ्या म्हटलं की लोकांना धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या आठवतात, हे त्यांना कोणी सांगायचं? मी असे डोळे वटारले की ते बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले.

डॉक्टरनं कागदावर एक ओळ लिहिली आणि पुढच्या खाटेकडे गेला. बरं झालं. आज दुसरं काही जमलं नाही, पण आक्काच्या नावाला मी डाग लागू दिला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आक्काचे डोळे पिवळे झाले आहेत. हळदीसारखे. डॉक्टर म्हणतो कावीळ आहे, दूषित पाण्याची असू शकते, तपासणीचे निकाल यायचे आहेत. अंग अजून गरम आहे म्हणून नळीतून तापाचं इंजेक्शन सुरू आहे.

पाणी! मी भाऊजींना पायऱ्यांवर गाठलं. विहीर कधी साफ केली होती? माठ कोण धुतं? ते खाली बघत म्हणाले, "भावना, मले वाटते डॉक्टरले सांगाव लागते का थे गोळ्या..." मी म्हटलं, "भाऊजी, विषय बदलू नका. पाण्याचं बोला." ते उठून पाण्याची बाटली भरायला गेले. या माणसानं आयुष्यभर गप्प बसण्यापलीकडे केलं काय?

आक्का मला ओळखते, पण उत्तर उशिरा देते. हाक मारली की डोळे उघडते, थोडं हसते, पुन्हा मिटते. मी तिचे पाय चेपत बसले होते. पाय कसले, काड्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

ललितनं ऐकलं नाही. सकाळी गाडी घेऊन आला आणि आईला अमरावतीला हलवलं. अकोल्याच्या डॉक्टरनं अडवलं नाही, उलट लवकर न्या म्हणाला. मी आणि भाऊजीही गाडीत. मूर्तिजापूर ओलांडताना आक्कानं डोळे उघडले आणि विचारलं, "आपलं वावर गेलं काय?" मी हो म्हटलं.

अमरावतीच्या दवाखान्यात कागद घेणारी एक नर्स होती, आरती. चांदूर रेल्वेची आहे म्हणाली. बोलणं अगदी गावठी, पोरांनी वर्गात असं बोललं तर मी उभं करीन. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. खाटेवर बसली, आक्काचा हात हातात घेतला, सुजलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला.

"माय, हे हात लय दुखत असन. दुखल्यावर कोणची गोळी खात होती व?"

आक्का जागी झाली. "तीन रंगाच्या."

"कोणच्या कोणच्या?"

"केशरी भावनाची. पांढरी वच्छलाच्या दुकानची. हिरवी यायनं आणली."

"अन् किती खात होती?"

"ज्यानं जेवढ्या सांगतल्या तेवढ्या. चार, चार, चार." आणि मग, एवढ्या अशक्त आवाजातही ऐटीत म्हणाली, "एकबी चुकवली नाई."

नर्स उठली आणि जवळजवळ धावतच डॉक्टरकडे गेली. मला तिचा राग आला. आजारी माणसाला इतके प्रश्न विचारायचे असतात का?

२७ ऑक्टोबर

इथली डॉक्टर बाई आहे. तिनं ललितला आणि मला समोर बसवून सांगितलं. तिन्ही गोळ्यांमध्ये तेच एक औषध आहे. तापाच्या गोळीत आहे, सर्दीच्या गोळीत आहे, सांधेदुखीच्या केशरी गोळीतही आहे. रंग वेगळे, नावं वेगळी, दुखणी वेगळी, आत तेच. दिवसाला बारा गोळ्या, पोटात अन्न नाही, वजन अडतीस किलो. आठवड्याभरात लिव्हरनं हात टेकले.

"कोणतीही एक घेतली असती तर काही झालं नसतं," म्हणाली. "प्रत्येकानं सांगितलेलं प्रमाण तसं बरोबरच होतं."

ललित म्हणाला, "काही करता येणार नाही काय?"

"यावर उतारा आहे. आपण कालच सुरू केला. पण हा उतारा लवकर द्यावा लागतो. आधीचे दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत तापासाठी पुन्हा तेच औषध नळीतून दिलं गेलं." मग तिनं अकोल्याचा कागद उचलून वाचला. "इथं लिहिलंय, कोणतंही औषध घेतलेलं नाही. हे कोणी सांगितलं?"

ललितनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घरच्यांनी सांगितलं असेल."

मी घरचीच आहे. खोटं काय बोलले?

उतारा. सातवीच्या पोरांना मी आठवड्यातून दोनदा उतारा वाचायला देते. उतारा नीट वाचा, खालील प्रश्नांची उत्तरं लिहा. प्रश्न समजून घेतल्याशिवाय उत्तर लिहू नका, असं प्रत्येक वर्षी फळ्यावर लिहिते.

हे सगळं त्या अकोल्याच्या डॉक्टरमुळे झालं. 'औषध' कशाला म्हणायचं? 'गोळी' म्हणता येत नव्हतं का त्याला?

३० ऑक्टोबर

आक्का काल गेली. मी तिच्याजवळ नव्हते.

लिहिणार नव्हते, पण लिहिल्याशिवाय छाती मोकळी होत नाही. काल सकाळी मी कपडे आणायला आणि शाळेत रजेचा अर्ज द्यायला अकोल्याला गेले. दुपारच्या गाडीनं परत फिरायचं होतं. स्टेशनकडे जाताना रिक्षा पिंटूच्या दुकानावरून गेली आणि मी ती थांबवली.

मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवतही नाही. खुनी म्हटलं. दुकानाला कुलूप लावायला लावीन म्हटलं. रस्त्यावर माणसं जमली. तो गल्ल्यामागून बाहेर आला, हात जोडून म्हणाला, "मॅडम, मी चिठ्ठी मागतली होती."

"मग द्यायच्याच नव्हत्या!"

"तुमी चार लोकायसमोर माह्या पोरीचं काढलं. मी काय करू?"

"तू दुकानदार आहेस! नाही म्हणायला तुला तोंड नव्हतं?"

"तुमाले नाही म्हणाले कोणाचं तोंड हाये मॅडम?"

मी आणखी चढले. अर्धा तास, पाऊण तास. पर्समध्ये फोन वाजत होता तो रस्त्याच्या गोंगाटात ऐकू आला नाही. ललितचे सात फोन. स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी गेली होती. मग बस, मग रिक्षा. वॉर्डात गेले तेव्हा खाटेवरची चादर बदलत होते. आरती नर्सनं माझा हात धरला आणि सांगितलं, आक्का शेवटी काही बोलली नाही, दुपारपासून शुद्धच नव्हती.

ललित एकच म्हणाला. "मावशी, कोठी होती तू?"

५ नोव्हेंबर

गावात नवीनच सुरू झालं आहे.

दवाखान्यानं दिलेल्या कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं आहे, औषधाच्या अतिसेवनानं लिव्हर निकामी. ललित तो घेऊन रेशनकार्डावरचं नाव कमी करायला ग्रामपंचायतीत गेला. तिथल्या माणसानं कागद मोठ्यानं वाचला. बाहेर बसलेल्यांनी त्यातला एकच शब्द उचलला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, डोमाजीच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, औषध घेतलं.

आता ज्याला त्याला कारण सापडतं आहे. हाताच्या दुखण्याला कंटाळली होती. डोमाजीशी पटत नव्हतं. पोरगा बघत नव्हता. जानरावच्या नंतर हीच, त्या घरालाच काहीतरी आहे. माझी आक्का, जिनं बारा गोळ्यांतली एकसुद्धा चुकवली नाही कारण तिला बरं होऊन कापूस वेचायचा होता, ती म्हणे जीव द्यायला निघाली होती!

आणि आज ललित अकोल्याला माझ्याकडे आलेला असताना पुंजाजींचा फोन आला. त्यांची मुलगी ललितला जवळजवळ ठरली होती, चांदूर रेल्वेची, त्या नर्सच्याच गावची. म्हणाले, "आमाले कोणाचं काही म्हणणं नाही, पण एकाच घरात दोघायनं औषध घेतलं म्हणतात. पोरगी द्यायची तं इचार तं कराच लागते ना." मी त्यांना फोनवर इतकं सुनावलं की ललितनं हातातून फोन काढून घेतला.

"मावशी, शिव्या देऊन काय होते? रविवारी आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. सगळं गाव येईल, पुंजाजी येतील. तू उभी राहून सांग ना काय झालं थे. अकोल्यात तूच होतीस."

"डॉक्टरला बोलव. त्या सांगलीवाल्याला उभं कर," मी म्हटलं.

तो उठून चपला घालायला लागला. बापावर गेला आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

गावी आले. आक्काच्या खुंटीवर तिचा वेचणीचा फडका अजून टांगलेला आहे. आतला खिसा फुगलेला दिसला म्हणून हात घातला. केशरी पत्ते चार, तीन रिकामे, चौथ्यात चार गोळ्या. पांढरे, हिरवे. सगळे दोऱ्यानं नीट बांधलेले. रिकामे पत्तेसुद्धा तिनं टाकले नव्हते. मी दिलेलं ती काही टाकत नसे.

ओसरीवर बसून चष्मा लावून मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. डॉक्टर बाईनं सांगितलेलं नाव तिन्हींवर होतं. केशरीवर तर सगळ्यात वर. अकरा वर्षं मी हे पत्ते विकत घेते आहे, लोकांना वाटते आहे. मुलांच्या वह्यांतला अनुस्वार सुटलेला मला लांबून दिसतो, आणि हे मी एकदाही उलटून वाचलं नव्हतं.

भाऊजी समोर येऊन बसले. मग म्हणाले, "मी सांगत होतो. दोन्ही टायमाले सांगत होतो."

"मग सांगितलं का नाही? ओरडून का नाही सांगितलं?" मी ओरडले.

"तू डोळे मोठे केले," ते म्हणाले. एवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं.

मी सगळ्यांवर रागावून झाले. पिंटूवर, डॉक्टरवर, भाऊजींवर, ललितवर, वच्छलाबाईवर, पुंजाजींवर, गावावर. आता या ओसरीवर मी आणि हे पत्ते एवढेच उरलो आहोत.

९ नोव्हेंबर, रविवार

बुद्धवंदना झाली, दोघंतिघं आक्काबद्दल चांगलं बोलले. मग ललितनं माझं नाव घेतलं. पुंजाजी पहिल्या ओळीत बसले होते.

मी शुद्ध बोलायचं ठरवून उभी राहिले होते. तोंडातून निघालं ते गावचंच.

"माह्या आक्कानं औषध नाही घेतलं," मी म्हटलं. "गोळ्या खाल्ल्या. तिले बरं व्हाचं होतं म्हणून खाल्ल्या. केशरी गोळी मी आणून देली. दुकानदार नाही म्हणत होता, मी भांडून आणली. चारदा खा म्हणून मीच सांगतलं. डॉक्टरनं अकोल्यात इचारलं, काही औषध घेतलं काय, तं मी नाही म्हटलं. मले वाटलं थो तसलं इचारून राहिला. आमचे भाऊजी सांगाले लागले, मी त्यायले गप्प बसवलं. दोन दिवस गेले. माह्यामुळं गेले. आक्काले नावं ठेवू नका. ठेवाची तं मले ठेवा."

पत्त्यांची मोळी वर करून दाखवली. तीन रंग, आत एकच, हेही सांगितलं. घरी जाऊन आपापले डबे उघडून बघा, नाव वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला विचारा, हेही सांगितलं. किती जणांनी ऐकलं ते माहीत नाही. पुंजाजी उठून ललितजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढं दिसलं. भाऊजी रडत होते. जानराव गेला तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. डोकं ठणकत होतं. वच्छलाबाई शेजारी येऊन टेकली, पदरानं डोळे पुसत. तिच्याच दुकानातली पांढरी गोळी.

"म्हणजे औषध नव्हतं ना व घेतलं तिनं?"

"नाही."

"बरं झालं बाप्पा. मी तं काय काय इचार करून राहिली होती." तिनं मोकळा श्वास सोडला. "साध्या गोळीनंच गेली म्हणा."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं दोन्ही कानशिलं दाबून धरली.

"रडून रडून डोस्कं लय चढलं व माह्यं. तुह्या पर्समधी असन ना एखांदी?"

"हाये ना," मी म्हटलं. पर्सची चेन उघडलेली होती आणि पत्ता माझ्या हातात आलेला होता.